एका गुलाबाच्या चार प्रती

"अजून सपाट वाटतंय," असं म्हणत काका हातातलं कार्ड डोळ्यांच्या रेषेत आडवं धरायचे, एक डोळा मिटायचे आणि कडेनं बघत राहायचे. गवंडी ओळंब्याकडे बघतो तसे. मग मान हलायची, "थोडं उचलायला हवं, बेटा," आणि कार्ड पुन्हा पिशवीत जायचं.

नेहरू नगरात माझं झेरॉक्स आणि कलर प्रिंटचं दुकान आहे. दिवसभर आधार कार्डं, मार्कशीटा आणि भाड्याचे करारनामे छापणाऱ्या माझ्या यंत्राला फुलं, पाखरं आणि पतंग छापायला लावणारे ते एकटेच. काका मूळ नागपूरचे. इथे हिंदी मुलखात सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात नोकरी करून निवृत्त झाले होते. एकुलती मुलगी जबलपूरला दिलेली. घरी ते आणि काकू, दोघंच.

कार्डांचा नाद त्यांना उशिरा लागला. छातीत स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं की काळजी करणं सोडा, एखादा छंद लावून घ्या. त्यांनी छंद लावून घेतला आणि मग ते छंदाची काळजी करू लागले. कागद जाड मिळेल ना? शाई उडणार तर नाही? पावसाळी हवेत गोंद सुटला तर? प्रिंट निघत असताना वीज गेली तर? "काका, वीज आहे," मी म्हणायचे. "आता आहे," ते म्हणायचे.

त्यांची रीत अशी. एकच चित्र चार वेळा छापून घ्यायचं. पहिलं तसंच कार्डाच्या तळाला चिकटवायचं. दुसऱ्यातून नुसतं फूल कापायचं, तिसऱ्यातून वरच्या पाकळ्या, चौथ्यातून अगदी मधला गाभा. पाकळ्या चमच्याच्या पाठीनं घोटून किंचित वाकवायच्या. प्रत्येक थराखाली दोन्हीकडून चिकटणाऱ्या फोमच्या टेपचे बारीक तुकडे लावायचे, म्हणजे थर एकमेकांना टेकत नाहीत, अधांतरी राहतात. उजेडात धरलं की पाकळीची सावली पाकळीवर पडते. माझ्या ट्रेमधून निघालेला सपाट कागद दोन दिवसांनी फूल होऊन परत यायचा आणि मला दर वेळी नवल वाटायचं.

एकदा दुकानात उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "अंकल, आजकल कार्ड देता कौन है?" काका गंभीर झाले. "यही तो टेन्शन है," म्हणाले.

मंडळाच्या गणपतीत ते ओळखीच्यांना कार्डं वाटायचे, पण देतानाच घेणाऱ्याचा जीव घाबरा करायचे. यावर काही ठेवू नका, उन्हात नेऊ नका, पोरांच्या हाती लागू देऊ नका. स्वतः ते कार्ड स्टीलच्या चपट्या डब्यातून आणायचे. त्यातलं सगळ्यात चांगलं कार्ड मात्र काकूंसाठी असायचं, आणि काकूंना लाल गुलाब आवडायचा. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, संक्रांत, काहीही असो, गुलाब ठरलेला.

काकू दुकानात फारशा यायच्या नाहीत. एका दुपारी एकट्याच आल्या. पायरीवर जरा अडखळल्या, काउंटरची कड धरून उभ्या राहिल्या. काकांनी सांगून ठेवलेले प्रिंट न्यायला आल्या होत्या. मी पाकीट दिलं. त्यांनी एक कागद बाहेर काढला, वर धरला, खाली धरला आणि हळूच विचारलं, "यात काय आहे गं? चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी म्हटलं, "मोर आहे, काकू." आणि कागद त्यांच्या हातात सुलटा करून दिला. त्यांनाही कळलं की मला कळलं. दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं: साखरेमुळे डोळ्याचा पडदा खराब होत चालला होता. समोर सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसायचं, मधेच काळे डाग तरंगायचे. डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या, कारण गेलं तर काकांना कळणार.

"त्यांच्या छातीचं तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "हे ऐकलं तर माझे डोळे राहतील बाजूला, त्यांनाच न्यावं लागेल दवाखान्यात."

मी समजावायला गेले, तशी त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. आई म्हातारपणी आंधळी झाली होती. भाऊ-भावजय भली माणसं होती, तरी ती जिथे बसेल तिथे विचारायची, मी कुणाच्या वाटेत तर नाही ना? "मला ते विचारायची पाळी यायला नको," म्हणाल्या. मला गप्प राहायला सांगून त्या गेल्या. त्या रस्ता कशा ओलांडतात हे बघायला मी बाहेर आले. ई-रिक्षांचा, मोटरसायकलींचा आवाज कानानं घेत त्या उभ्या होत्या. त्या पलीकडे पोचेपर्यंत मी तिथेच उभी होते.

त्यानंतर काकू दुरून जरी दिसल्या तरी मी हातातलं काम सोडून बघत राहायचे.

मग त्यांचा वाढदिवस आला. त्या दिवशी माझं यंत्र बिघडलं. लाल शाईचा मार्ग तुंबला होता. कितीदा साफ करूनही लाल उतरेना, आणि काकांचा गुलाब चारही प्रतींत पिवळाजर्द निघाला. दुसरीकडे छापून आणायला वेळ नव्हता. थर कापायला, चिकटवायला, सुकायला वेळ लागतो. काका त्या पिवळ्या गुलाबाकडे बघत बसले. "गुलाब पिवळाही असतो ना, बेटा?" मी म्हटलं, असतो की. "पण तिला लाल लागतो," म्हणाले आणि तेच कागद घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ते दुकान उघडतानाच आले. पिशवी नव्हती. स्टुलावर बसले. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"कार्ड आवडलं का?" मी विचारलं.

"खूप आवडलं," ते म्हणाले. "म्हणाली, यंदा किती लालबुंद उतरलाय."

त्यांनी पेला खाली ठेवला आणि तळहात छातीवर धरला. त्यांच्या छातीत काही होतंय की काय या भीतीनं मी काउंटरच्या बाहेर आले. त्यांनी हात करून मला थांबवलं. मग एकेक सांगू लागले. काकू हल्ली पोळी हातानं चाचपून उलटतात. पेपर उघडून बसतात, पण पान उलटत नाहीत. इन्सुलिनच्या पेनाचं बटण फिरवताना प्रत्येक युनिटला टक असा आवाज होतो. पूर्वी त्या आकडा बघायच्या, हल्ली पेन कानाशी धरतात. हे सगळं ते बघत आले होते आणि स्वतःला सांगत आले होते की वय झालं. पिवळ्या गुलाबानं तो आधार काढून घेतला.

"तिला सांगू नकोस मला कळलंय म्हणून," ते म्हणाले. "ती लपवतेय म्हणजे तिला त्रास होतोय. तिला वाटू दे की लपलंय."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी मधल्या माणसानं काय करावं? दोघांचं गुपित एकच होतं, आणि दोघांनीही ते माझ्याकडे ठेवलं होतं. मी दोघांनाही वेगवेगळं सांगून पाहिलं की बोला, उशीर होतोय, डोळा काही वाट बघत नाही. काकू म्हणायच्या, त्यांचं चेकअप होऊन जाऊ दे. काका म्हणायचे, तिचा जरा धीर होऊ दे. आणि दोघंही जाताना म्हणायचे, तू मात्र बोलू नकोस हं.

मग कार्डं उंच होऊ लागली. काका फोमच्या एका पट्टीवर दुसरी पट्टी चढवू लागले. पाकळ्यांच्या कडा जाड कागदाच्या, देठ सुतळीचा, पानांच्या शिरा गोंदाच्या थेंबांनी उठवलेल्या. कार्ड पाकिटात मावेना, मग डब्यातही मावेना. काकू ते हातात घेऊन बोटं फिरवायच्या आणि कौतुक करायच्या. त्यांना वाटायचं, यांचा हात सुधारलाय. मला एकदा म्हणाल्या, "हल्ली यांची कार्डं मला कळतात गं." मी यंत्रात कागद भरण्याचं निमित्त करून पाठ फिरवली.

काकूंच्या इन्सुलिनच्या वेळी काका टीव्हीचा आवाज बंद करायचे. पंखासुद्धा. काकूंनी विचारलं तर म्हणायचे, डोकं दुखतंय. बाहेर कुणी हॉर्न वाजवला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. तिची मोजणी चुकली तर? हे ते मला सांगायचे तेव्हा हसायला यायचं आणि हसता यायचं नाही. एकदा काकूंना सकाळी घाम फुटून चक्कर आली. साखर एकदम खाली गेली होती. काकांनी गूळ भरवला, त्या सावरल्या, आणि चहा झाल्यावर दोघांनीही ठरवलं की काल जेवण कमी झालं होतं.

त्या दिवशी ते दुकानात आले ते फोमची जाड पांढरी शीट मागायला. मी विचारलं, कोणतं चित्र काढू?

"आज छापायचं काही नाही," ते म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी पिशवीतून एक कोरं पांढरं कार्ड काढलं. चित्र नाही, रंग नाही. पांढऱ्यावर पांढरी, फोमच्या शीटमधून कापलेली अक्षरं. कडा त्यांनी पॉलिश पेपरनं घासून मऊ केल्या होत्या. "डोळे मिट आणि वाच," म्हणाले.

मी डोळे मिटले. बोट फिरवलं. 'मला' कळलं. पुढचं कळेना, वेलांटी, काना, सगळं एकमेकांत शिरत होतं. मी डोळे उघडले तर ते माझ्या तोंडाकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसं बघत होते. कार्डावर लिहिलं होतं, मला माहीत आहे. मी खरं तेच सांगितलं, की मधला शब्द वाचता येत नाही. रागावले नाहीत. "मग अक्षरं सुटी करायला हवीत," एवढंच म्हणाले आणि घरी गेले. पुढच्या वेळी आणलं ते तीन पानांचं कार्ड होतं, एका पानावर एकच शब्द. मी डोळे मिटून तिन्ही शब्द वाचले. त्यांनी विचारलं, "तिला राग येईल का गं?" मी तिन्ही पानं जुळवून कार्ड त्यांच्या पिशवीत ठेवलं.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. सकाळचा चहा झाल्यावर काकांनी कार्ड हातात दिलं आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. काकूंनी आधी गुलाब शोधला. सापडेना. मग बोटाला पहिलं अक्षर लागलं. त्या म्हणाल्या, तिसऱ्या पानापर्यंत जायची गरजच पडली नाही, दुसऱ्या पानावरच हात थांबला.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"पिवळ्या गुलाबापासून," काका म्हणाले.

कुठला पिवळा, हे काकूंना क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा त्या रडल्या नाहीत, चिडल्या. इतके महिने मला एकटीला टकटक मोजू दिलीत, म्हणाल्या. एखाद्या दिवशी चुकले असते तर?

"तू एकटी नव्हतीस मोजत," काका म्हणाले. "मी दाराआडून रोज तुझ्याबरोबर मोजायचो."

त्याच आठवड्यात ते डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. मीही बरोबर होते. डॉक्टर रागावले, आधी का आला नाहीत म्हणाले, आणि दोघंही शाळेतल्या मुलांसारखी खाली मान घालून बसली. लेझर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी काका बाहेरच्या बाकावर बसून नर्सला विचारायचे की आतून आवाज का येत नाही. शेवटी डावा डोळा गेलाच. उजव्यातलं जेवढं उरलं होतं तेवढं टिकलं: दार, खिडकी, समोर उभं राहिलेलं माणूस. इन्सुलिनचं पेन आता काका फिरवू लागले, आणि टीव्ही चालू राहू लागला.

काकांची काळजी काही कमी झाली नाही. फक्त ती आता उघड्यावर करता येत होती. काकू पुढे, ते मागे, "जरा डावीकडे, खड्डा आहे, खड्डा," असं म्हणत ते कॉलनीतून चालायचे. काकू म्हणायच्या, "अहो, दिसतोय मला तो खड्डा. रोज तिथेच असतो."

ते गेले एका हिवाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले असताना. कसलाही आवाज नाही. काकू शेजारच्या खोलीत मेथी निवडत होत्या. चहाच्या वेळी हाक मारायला गेल्या तेव्हा कळलं.

मी बाहेरगावी होते, दुसऱ्या सकाळी पोचले तेव्हा काकांना खाली निजवलं होतं. जबलपूरहून मुलगी येऊन पोचली होती. बाहेर मांडवातल्या खुर्च्यांवर कॉलनीतली माणसं बसली होती. काकू त्यांच्या डोक्याशी होत्या. कुणीतरी माझं नाव सांगितलं, तसा त्यांनी हात पुढं केला आणि मला जवळ बसवलं. खोलीत अंधूक उजेड होता, तेवढ्यावर त्यांना काही दिसत नसणार.

"चेहरा कसा आहे गं?" त्यांनी हळूच विचारलं. "काळजीत आहेत का?"

मी बघितलं. म्हटलं, "नाही, काकू. शांत आहेत."

मी बरं वाटावं म्हणून सांगतेय की खरं, हे त्यांना ठरवता आलं नसावं. त्या पुढे वाकल्या. त्यांनी काकांच्या कपाळावर बोटं ठेवली आणि एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत सावकाश नेली, मग भुवयांच्या मधे आणली आणि तिथे बराच वेळ चाचपत राहिल्या.

"नाहीये," त्या म्हणाल्या. "एकही आठी नाहीये."

दारातून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "चलें अब?" मुलीनं आईच्या खांद्याला हात लावला. काकूंनी होकारार्थी मान डोलावली. पण हात काही उचलला नाही, आणि दारातली माणसं तशीच थांबून राहिली.