पाच हजार एकशे वीस

मंगळवारी सकाळी सव्वानऊला सर्वर दुसऱ्यांदा पडला. मी तवा कपबश्या पुसत व्हते. फोन वाजला तसंच मला कळलं. त्या वेळेला पॅकहाऊसचाच फोन येतो; तिथं द्राक्षं पेट्यांत भरतात, आन गाड्यांचे गेटपास आमच्या प्रोग्रामवर निघतात.

"मॅडम, गेटवर अकरा गाड्या उभ्या हायेत. पास निघत नाय. गाडीत द्राक्षं हायेत, दगडं नाय!"

समोरचा मानूस एवढ्या मोठ्यानं बोलत व्हता की मला पार पँट्रीत ऐकू आलं. मनीषा, आमची नवी इंजिनियर, नुसतं "बघते भाऊ, दोन मिनिटं" म्हनत ऱ्हायली. देवरे सर केबिनमधून भाईर आले. हे आमचे मालक.

"परत?"

"हो सर."

"काल मी सांगितलं तसं केलं होतंस ना?"

"तसंच केलं सर."

"मग का पडला?"

तिच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं व्हतं. पन मला कोनी इचारलं नाय आन मी बोलले नाय. आता सांगते, आन मनीषाच टाइप करतीये. तिला बजावलंय, माझ्या चुका गाळायच्या नाय.

गंगापूर रोडच्या या ऑफिसात मी चौदा वर्सं हाय. शिक्षन चौथी. झाडलोट करते, चहा करते, आन सर्वर चालू करते. हसू नका. सर्वर म्हंजे बाकी सगळ्या कंप्युटरांना माहिती पुरवनारं मोठं मशीन. आमचं मशीन ऑफिसातच हाय. रातच्या लाईटीचा भरवसा नाय, म्हनून संध्याकाळी बंद करायचं आन सकाळी चालू करायचं. सकाळी कुलूप मी उघडते, म्हनून ते काम माझ्याकडं आलं.

मला ते शिकवलं प्रसादनं. तो आधीचा इंजिनियर, आता बंगलोरला गेला. जुन्या मशीनवर विंडोज व्हतं. त्यात एक खिडकी उघडायची, त्यात एक चौकोन, आन चौकोनात आकडा. पाच हजार एकशे वीस.

"मावशी, हा आकडा रोज बघायचा. एकदा कोणीतरी प्रोग्राम परत टाकला आणि हा गायब झाला होता. दिसला नाही तर मला फोन."

मी इचारलं, "कशाचा आकडा हा?"

तवा मला इचारायची सवय व्हती म्हनून नाय, प्रसाद आपलाच वाटायचा म्हनून इचारलं. त्यानं समजावलं. आपला प्रोग्राम जावा नावाच्या कंप्युटरच्या भाषेत लिहिलेला हाय. मशीनमधी मेमरी आठ जीबी. जावाला आधीच सांगून ठेवावं लागतं, तू जास्तीत जास्त एवढी घे. हा आकडा एमबीत, म्हंजे पाच जीबी. उरलेली तीन मशीनला सोताला लागते, डेटाबेसला लागते. आन जावा पाच म्हनलं तरी वर थोडं घेतंच.

"म्हंजे भातासारखं," मी म्हनलं. "पातेलंभर तांदूळ नाय टाकायचे. फुगायला जागा ठेवायची."

प्रसाद लय हसला. म्हनला, "मावशी, मला हे समजायला चार वर्षं कॉलेज करावं लागलं."

माझं माहेर इगतपुरीकडचं. भाताचं मला कोनी शिकवायला नको.

तर ते जुनं मशीन थकलं. त्या मंगळवारच्या आदल्या शनवारी सरांनी नवं आनलं. मेमरी तेवढीच, आठ. पन विंडोजच्या जागी लिनक्स. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. खिडकी नाय, चौकोन नाय. जुनं मशीन पुसून कुनाला देऊन टाकलं. हे सगळं मनीषानं एकटीनं केलं. पोरगी पेठ तालुक्यातली, गाव डोंगरात. सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलेली, आन सहावा महिना संपायला आठ दिवस ऱ्हायले व्हते.

सोमवारी नऊला पॅकहाऊसची मान्सं एकदम कामाला लागली आन सर्वर पडला. तवा तो वरडून पडला. पडद्यावर ओळीच्या ओळी आल्या. मनीषा म्हनली, जावाला मेमरी पुरली नाय. झालं असं व्हतं की विंडोजच्या चौकोनातला आकडा लिनक्सवर आपोआप येत नाय. तिथं एक फाईल लिहावी लागते, त्यात आकडा टाकावा लागतो. फाईलच नव्हती. कोनी काय सांगितलं नाय तर जावा आपलं चौथाई घेतं. आठाची चौथाई दोन. दोनमधी भागलं नाय.

सर तवा गाडीवर व्हते. फोनवरच म्हनले, "मेमरी आठ आहे ना? मग आठ दे. हात आखडता घेऊ नकोस."

सरांचा सोभावच तसा. जेवायला वाढतील तर ताटाभाईर जाईल एवढं. मनीषानं फाईल लिहिली, आठ टाकले. ती ते मोठ्यानं वाचत व्हती, मी फरशी पुसत व्हते. माझा हात थांबला. आठातले आठ? पन मी पोचा पिळला आन पुढं सरकले.

का ते सांगते. नवरा वारला तवा माझ्या दोन पोरी लहान व्हत्या. खडी फोडली, मंग नाशकात येऊन बंगल्यात भांडी धरली. एका बंगल्यात बाळाला ताप आला. अंगावर पुरळ बघून मी म्हनले, बाईसाहेब, गोवर दिसतोय, आंघोळ नका घालू. त्या म्हनल्या, "तुला विचारलं का?" दुसऱ्या दिवशी काम गेलं. गोवरच निघाला, पन काम गेलं ते गेलं. तवापासून ठरवलं, इचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाय. त्या नियमावर दोन पोरींची लग्नं केली. नियम वाईट नव्हता.

आन मंगळवारी सर्वर परत पडला. या खेपेला वरडला बी नाय. गपकन मेला.

सरांनी तिला सगळ्यांदेखत सांगितलं, "मनीषा, उद्या सकाळी परत असं झालं तर पॅकहाऊस आपल्याला सोडेल. आणि मग मलाही तुझा विचार करावा लागेल."

अकराला ती पँट्रीत आली. मी चहा दिला. चहावर साय धरली तरी तिनं हात लावला नाय.

"मावशी, काल निदान सांगून तरी पडला. आज नोंदीत शेवटच्या ओळीनंतर काहीच नाय. कुठं शोधू?"

"घरी सांगितलंस?"

"काय सांगू? आबा एष्टीत शेजारी बसेल त्याला सांगत्यात, पोरगी नाशकात कंप्युटरच्या कंपनीत हाय म्हनून. कंडक्टरला बी सांगत्यात." ती हसली आन मंग रडली. "परत गावी शेतात नागली लावायला जायचं मावशी. लाज वाटत नाय त्याची. पन आबांचं तोंड बघवायचं नाय."

मी तीन कप धुतले. चवथा धुता धुता मला त्या बंगल्याची आठवन झाली. तिथं मला कामावरनं काढलं ते बोलले म्हनून. इथं ही पोरगी जानार, ती मी बोलले नाय म्हनून.

"पाच हजार एकशे वीस," मी म्हनले.

"काय?"

"जुन्या मशीनच्या चौकोनात हा आकडा व्हता. मी रोज बघायचे. आठातले पाच. तू सगळे आठ देऊन बसलीस. पातेल्यात जागाच नाय ठेवली बाई."

 ती उठून पळाली. मी हात पुसत मागं गेले. जावाच्या नोंदीत काय नव्हतं, पन मशीनची सोताची एक नोंद असते, ती तिनं उघडली.

"मावशी, हे बघा! जावा मेलं नाय, लिनक्सनं मारलंय त्याला. सोताला जागा उरली नाय म्हनून सगळ्यात जास्त खानारा उचलला आन मारला."

"विंडोज असं नव्हतं करत."

"ते मरायच्या आधी लय हळू झालं असतं. रडतखडत चाललं असतं, आपल्याला कळलं असतं. हे नाय सांगत बसत."

"माझ्यासारखंच म्हनायचं," मी म्हनले. "तोंडच उघडत नाय."

तिनं फाईलमधले आठ काढले, आकडा टाकला. मी एकेक अंक वाचून खातरी केली. दिवसभर गाड्या कमी असतात, सर्वर चालला. पन खरी परीक्षा सकाळी नऊची.

बुधवारी ती माझ्या आधी दारात उभी. साडेसातला आम्ही सर्वर चालू केला. नऊ वाजले. पॅकहाऊसच्या फोनकडं दोघी बघत बसलो. सव्वानऊ. साडेनऊ. फोन गप. मंग मनीषानंच फोन लावला.

"भाऊ, पास निघतायत ना?"

"निघतायत की. तुम्ही कशाला फोन केला? काय बिघडलंय का?"

सर आले, मशीनपाशी उभे ऱ्हायले. "काय केलंस?"

"मी नाय सर. मावशींनी आकडा सांगितला."

सर माझ्याकडं वळले. मला वाटलं आता गप बसावं. पन एकदा तोंड उघडलं व्हतं.

"सर, आठ द्यायला तुमीच सांगितलं व्हतं. पोरीनं तुमचं ऐकलं."

 सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हो. मीच सांगितलं होतं." मंग म्हनले, "मावशी, तुम्हाला सोमवारीच माहीत होतं?"

"व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"इचारलं नाय कोनी."

 सर आत गेले, परत भाईर आले आन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हनले, "मनीषा, लेटर सोमवारी घेऊन जा. पर्मनंटचं."

तिनं आबांना फोन लावला. आबा एष्टीतच व्हते. पुढचं कंडक्टरलाच ठाऊक.

आता मी सकाळी त्या काळ्या पडद्यावर आकडा बघते. मनीषानं एक ओळ शिकवलीये, ती टाइप केली की दिसतो. ऑफिसात कुनी काय बी नवं बसवलं की सर इचारतात, "मावशींना विचारलं का?" परवा नव्या गिझरबद्दल बी मला इचारलं. गिझरातलं मला काय कळत नाय. पन म्हनले, पार वरपत्तोर भरू नका.