अळणी ऐतवार

बिनमिठाच्या कालवणाला वास लई झ्याक येतो. लसूण तांबूस झाली, मिरची ठसकली, वांगं रटरटाय लागलं की सगळं घर वासानं भरून जातं, तोंडाला पाणी सुटतं, आन् पहिला घास तोंडात गेला की कळतं, वासानं फसवलं. मालक परदेशात शिकायला होते त्या दोन वर्सांतला दर ऐतवार, म्हंजे तुमचा रविवार, मला असाच आठवतो. आधी वास, मग काहीच न्हाई.

चऱ्होलीच्या आमच्या शेतकरी घरात मालक तेवढे एकटे शिकलेले. पिंपरीच्या माळावर तवा औषधांचा कारखाना उभा राहत होता, तिथं त्यांना नोकरी लागली, आन् कारखान्यानंच त्यांना पुढचं शिकायला इटलीला धाडलं, समुद्राकाठच्या कुठल्या शहरात. घरातनं कुणी समुद्र बघितला बी नव्हता. माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हणायची, तिनं त्याच सांजेला खंडोबापुढं भंडारा उधळून नवस बोलला, की ल्योक खाऱ्या पाण्यापल्याड हाय तवर ऐतवारी मीठ वर्ज्य. बोलली ती, पाळायचं मी. "माझं वय झालं गं, मला भोवळ येती," म्हणाली, आन् माझ्याच समोर लोणच्याची फोड चाखत बसली.

ऐतवारी गडी जेजुरीला न्हाईतर बाजाराला जायचे, तवा कांद्याच्या वाफ्यांत पाणी फिरवायचं काम माझ्याकडं. चैताच्या उन्हात इंद्रायणीकाठची ती काळी जमीन वाफाळून निघायची, ओल्या मातीचा, कांद्याच्या पातीचा उग्र वास नाकात बसायचा, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात आन् डोकं आगीत. घाम वरच्या ओठावर यायचा. नकळत जीभ फिरली की खारट लागायचं, आन् मनात यायचं: मोडला नवस. आता येताना मालकांची बोट बुडती का काय! मग मी पदरानं ओठ पुसायची, सोलपटून निघंस्तवर पुसायची, आन् देवाला म्हणायची, चुकून लागलं, मुद्दाम न्हाई खाल्लं.

मालक सुखरूप आले. रंग उजळला होता, अंगाला कसल्याशा साबणाचा वास, हसणं बी निराळं. पिंपरीला कारखान्याची खोली मिळाली, आन् दर ऐतवारी त्यांच्या बरोबरीचे लोक चहाला यायला लागले. मालक सांगायचे आन् लोक ऐकायचे. शनिवारी दुपारीच शाळा सुटायची म्हणे. मग पाच-सहा पोरं मिळून गाडीनं निघायची; गाडी बोगद्यात शिरायची आन् बाहेर पडली की एकदम निळाभोर समुद्र, पुन्हा अंधार, पुन्हा समुद्र. ऐतवारभर खडकावर पडून राहायचं, पवायचं, लिंबाच्या बागांतनं हिंडायचं, होडीतनं उतरलेली मासळी तिथंच भाजून खायची. जांभळासारखं दिसणारं, मिठात मुरवलेलं एक फळ असतं, ते पावाबरोबर चघळत ऊन पिवळं होईस्तवर नुसतं बसायचं. "आपल्या लोकांना सुट्टी कशी घ्यावी तेच कळत नाही," असं मालक म्हणाले की सगळे माना डोलवायचे. मी पडद्याआड स्टोला पंप मारत ऐकायची. खोटं कशाला बोलू, ऐकायला गोड वाटायचं. डोळ्यांपुढं ते निळं पाणी हलायचं. आन् ते गोड वाटायचं म्हणूनच अंगाचा तिळपापड व्हायचा.

दिवाळी सरल्यावर त्या लोकांनी बेत काढला, की आपण बी तिकडच्यासारखं एका ऐतवारी सहकुटुंब पवनेकाठी जायचं. सगळ्यांच्या बायका निघाल्या. मालक मला म्हणाले, "तू कशाला? तिथं अवघडून जाशील. दशम्या आन् चटणी तेवढी करून दे."

माझी शेजारीण मोहिनीबाई, फाळणीत घरदार सोडून पिंपरीच्या कॅम्पात आलेली सिंधी बाई, नवरा कारखान्यातच कामाला, ती दारातच उभी होती. ती फटकन म्हणाली, "वा भाईसाब! दशमी चालते, दशमीवाली नाही चालत?" आन् माझा हात धरून म्हणाली, "चल भाभी, आपण दोघी मागच्या टांग्यात बसू. पुढं हे साहेब लोक समुद्रात बुडू देत."

तिच्यासमोर मालकांना न्हाई म्हणता आलं न्हाई. मी नऊवारी नेसले, इरकली, लग्नातली.

रावेतच्या अंगाला नदी शांत होती. हरभऱ्याच्या शेतावरनं आंबूस वारा येत होता, कोवळं ऊन पाण्यावर सांडलेलं, एक खंड्या फांदीवरनं सूर मारायचा आन् परत येऊन बसायचा. जेवणं झाली, आन् मालकांनी समुद्र काढला. बोगदा, लिंबं, खडक. सगळं झालं तवा मोहिनीबाईनं माझ्याकडं बघून सहज इचारलं, "अन् भाभी, हे तिकडं फिरायचे, तेव्हा तू ऐतवारी काय करत होतीस?"

आजवर कुणी इचारलंच नव्हतं. मी सांगितलं. नवस सांगितला, वाफे सांगितले, ओठ पुसायची ते बी सांगितलं. मालकांचं तोंड लाल झालं. मग हसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी सांगितलं होतं का तुला मीठ सोडायला?"

पुरुष हसले. मोहिनीबाई हसली न्हाई.

खरंच होतं त्यांचं. त्यांनी सांगितलं नव्हतं. हेच तर जास्त झोंबलं. खोटं असतं तर भांडता आलं असतं. घरी आल्यावर दशम्यांचं फडकं झटकत मी म्हणाले, "तुमी सांगितलं न्हाई, खरं हाय. पण परत आल्यावर इचारलं का, तू कशी होतीस?"

"काय इचारायचं त्यात? घरीच तर होतीस."

पुढल्या ऐतवारी मी सकाळीच पायात चपला घातल्या.

"कुठं?"

"फिराय."

"कुणासंग?"

"माझ्यासंग."

"आन् लोक येतील, त्यांचा चहा?"

"इटलीत कोण करत होतं?"

चिंचवडच्या बाजूला नदीचा उतार हाय, तिथवर चालत गेले आन् एका दगडावर बसले. मालक सांगायचे तसं, नुसतं बसायचं ठरवून. ऊन पाठीवर आलं. पाणी चकाकत होतं, पल्याड धोब्याचे कपडे वाऱ्यानं फुगत होते. बघत होते मी, मन लावून बघत होते, वाटलं जमलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग बोटं चुरचुरली म्हणून खाली बघितलं तर दगडाच्या दोन्ही अंगाचं गवत मुळासकट निघालेलं, आन् मी त्याच्या सारख्या पेंढ्या करून बाजूला ओळीनं लावलेल्या. कवा उपटलं, माझं मलाच ठावं न्हाई.

मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी कामाला लावलं नव्हतं. हात धरून ठेवले मांडीवर, घट्ट. रागानं असंल. पण कुणावरच्या, ते मी अजून हुडकते हाय.