शांग राजांची सनावळी

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जोरात होत्या त्या वर्षी मी रोज संध्याकाळी सहा ते आठ चीनमध्ये असे. म्हणजे गिरगावात, आमच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर एका निवृत्त मास्तरांच्या खोलीत. मास्तर जगाचा प्राचीन इतिहास मराठीत लिहीत होते. इजिप्त झालं होतं, बाबिलोन झालं होतं, चीन अडलं होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, म्हणून वाचायला आणि लिहायला मी. माझी पात्रता एवढीच, की फोर्टातल्या एका ग्रंथालयात मी कार्डं लिहायची नोकरी करत होते आणि अक्षर बरं होतं. याद्यांची हौस तेव्हापासूनची. आज पन्नाशीतही वाण्याची यादी मी रकाने आखूनच करते.

काम सांगायला सोपं होतं. चीनच्या पहिल्या तीन राजघराण्यांची, सिया, शांग आणि चौ यांची, भरवशाची सनावळी तयार करायची. मी आठ दिवस धरले होते. पट्टी घेऊन रकाने आखले आणि पहिल्याच संध्याकाळी गोंधळले. जुन्या चिनी गणिताप्रमाणे शांग घराणं इ.स.पू. १७६६ ते ११२२. नव्या अभ्यासकांपैकी काहींच्या मते १५२३ ते १०२७. राजे तेच, क्रम तोच, आणि शेवटात जवळजवळ शंभर वर्षांचा फरक. सियांचं तर जमिनीतून काहीच सापडलं नव्हतं, होतं ते फक्त पोथ्यांत. शिवाय इ.स.पू.चे आकडे उलटे चालतात. मी दोनदा वजाबाकीच्या जागी बेरीज करून एका राजाला बापाच्या आधी जन्माला घातलं.

यांतलं बरोबर कुठलं, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, दोन्ही चूक. तिसरा रकाना आख.

तो तिसरा रकाना मास्तरांचा स्वतःचा होता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या लेखी सगळं पुस्तकच त्या रकान्यासाठी होतं. शांग राजे कासवाच्या पाठीवर आणि बैलांच्या हाडांवर देवाला प्रश्न कोरून विचारत. पाऊस पडेल का, शिकार मिळेल का. प्रत्येक प्रश्नापुढे काळाची एक खूण असे, आणि अशा खुणा एकूण साठ. साठ संपल्या की पुन्हा पहिली. मास्तरांचे वडील पंचांग करत. साठ म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. आपली संवत्सरं साठ. रोज पूजेच्या संकल्पात चालू संवत्सराचं नाव घ्यायचं, त्या वर्षी हेमलंबी. गोऱ्या साहेबांना हे चक्र उमगलं नाही, आपल्याला ते घरात मिळालं आहे, असं ते येईल त्याला सांगत. चीनचे सन गिरगावातून ठरणार, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

खुणांच्या नोंदी त्यांच्या एका जुन्या वहीत होत्या, कधीकाळी कुणाच्या तरी पुस्तकातून उतरवलेल्या. मी त्यांची कार्डं केली. एक नोंद, एक कार्ड. पण कार्डं वाढली तसा माझा गोंधळही वाढला. एकेक राजा एकशेवीस वर्षं राज्य करू लागला. येत्या काळात काही अरिष्ट नाही ना, हा एकच प्रश्न दर दहाव्या खुणेला येई. म्हणजे राजा दहा वर्षांतून एकदा काळजी करणार आणि मधली नऊ वर्षं स्वस्थ बसणार. मी विचारलं, तर मास्तर म्हणाले, राजांची काळजी अशीच असते.

मजकूर छापखान्यात जायची वेळ आली तेव्हा मी शेवटची सूची करायला बसले. तिथे एका राणीपाशी अडले. एकविसाव्या खुणेला राणी गरोदर, बाळंतपण नीट होईल का, असा प्रश्न. एकावन्नाव्या खुणेला राणी प्रसूत, मुलगी झाली, ठीक झालं नाही. दोन्हीकडे नाव एकच. मास्तरांनी वहीत समासात लिहून ठेवलं होतं, ‘ही दुसरी राणी’. सूचीत दोघींना वेगळं दाखवायला काहीतरी हवं, म्हणून मी आमच्या ग्रंथालयात हाडांवरच्या लेखांचं इंग्रजी पुस्तक शोधून काढलं. राणी एकच होती. खूण वर्षाची नव्हती, दिवसाची होती. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, प्रश्नाचा दिवस धरून एकतिसाव्या दिवशी प्रसूत झाली. मास्तरांनी उतरवताना तेवढा शब्द गाळला होता. साठांचं चक्र कशाचं असतं हे वहीत लिहायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

तीन दिवस मी बोलले नाही. हे माझ्या स्वभावात बसत नाही, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना. कोष्टकाच्या पानांचे खिळे जुळवायला घेणारा कंपॉझिटर लालबागचा, मालवणी माणूस, सभेच्या पत्रकांत बुडालेला. मास्तर चौकशीला गेले, की तो म्हणे, ‘मास्तरांनू, तुमचे राजे तीन हजार वर्सां थांबले, आनी आठ दिस थांबतले. सभा उद्याच आसा.’ त्या सभांनी मला तेवढी सवड दिली.

रविवारी सकाळी मास्तर पूजेवरून उठले तेव्हा मी पुस्तक घेऊनच गेले आणि ते वाक्य मराठीत करून वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग आणखी एकदा.

‘दिवस हा शब्द भाषांतर करणाऱ्यानं घातला असेल,’ ते म्हणाले.

मी म्हटलं, ‘एकवीस ते एकावन्न. दिवस नसतील तर राणी तीस वर्षं गरोदर होती.’

आतून काकू, मास्तरांच्या पत्नी, म्हणाल्या, ‘अहो, तीस वर्षं कोण राहतं? मी तेव्हाच म्हटलं होतं.’

‘तू कधी म्हटलंस?’

‘मनात.’

मास्तर हसले नाहीत. कार्डांचा गठ्ठा त्यांनी मागून घेतला आणि मांडीवर धरून बसले. वाचता तर येत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, दिवस धरले तर सन किती येतात. मी सांगितलं, येतच नाहीत. साठ दिवसांचं चक्र फिरत राहतं, कुठल्या वर्षात ते कळत नाही. सलग वर्षं मोजलेली सापडतात ती इ.स.पू. ८४१ पासून, आणि तोवर शांग जाऊन चौ आलेले असतात.

‘राजांचा क्रम?’

‘क्रम हाडांवर जुळतो. एकदोन राजे इकडचे तिकडे.’

‘मग क्रम छाप. पहिले दोन रकाने राहू देत, दोघांचा वाद आहे असं लिही. तिसरा काढ.’

मला हायसं वाटलं. मी लगेच कामाला लागले, कुठली पानं बदलतील ते टिपून घेतलं. तेवढ्यात ते म्हणाले, पानाखाली चार ओळींची जागा ठेव, टीप द्यायची आहे. मग त्यांनी सांगितली. प्रस्तुत लेखकानं या खुणा संवत्सरांप्रमाणे वर्षांच्या समजून सनावळी रचली होती, ती सर्वस्वी चुकीची होती, खुणा दिवसांच्या आहेत.

मी लेखणी थांबवली. म्हटलं, मास्तर, तिसरा रकाना छापलाच जाणार नाही, तर ही टीप कशाला? कुणाला कळणार आहे?

‘पुढे कुणी पंचांगवाल्याच्या घरचा हे वाचेल,’ ते म्हणाले. ‘साठ आकडा दिसला की तोही हेच करील.’

ते चिडले होते, की मोकळे झाले होते, मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. आजही कळत नाही. काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, मग ते राजे नक्की झाले तरी कधी?

मास्तर माझ्याकडे वळले. मला म्हणाले, ‘सर्वस्वी हा शब्द घातलास ना?’

मी घातला नव्हता. तेव्हा घातला.