आक्कांकडची खुर्ची

आक्कांच्या घरात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर बसायची कोणालाही मुभा नव्हती. शिसवी लाकडाची, वेताच्या बैठकीची ती खुर्ची पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून मांडलेली असे. येणारा-जाणारा, अगदी नगरपालिकेतला साहेबसुद्धा, खाली सतरंजीवर. स्वतः आक्काही खालीच, दुखरे गुडघे लांब करून, खुर्चीकडे तोंड आणि दाराकडे पाठ. रोह्यात आमच्या आळीत त्यांचं आडनाव कोणाला ठाऊक नव्हतं. ‘खुर्चीच्या आक्का’ म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवी.

खुर्ची गुरुदेवांची होती. कुठले गुरुदेव, हे मला कळायला बरेच दिवस लागले. मी तेव्हा धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला लागले होते आणि आक्कांच्या शेजारी भाड्याने राहत होते. आक्का थिऑसॉफीवाल्या. त्या तिला ब्रह्मविद्या म्हणत. सगळे धर्म एकाच सत्याकडे जातात, आणि पूर्णत्वाला पोचलेले काही महात्मे हिमालयापलीकडे राहून जगाकडे लक्ष ठेवतात, अशी त्यांची श्रद्धा. त्यांतलेच एक आक्कांचे गुरुदेव. हे महात्मे मनात आणतील तिथे प्रकट होतात म्हणे. मग रोह्यात का नाही? “एवढ्या लांबून यायचं नि आपल्याकडं उभं राहायचं, बरं दिसतं का गो?” आक्का मला विचारत.

दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे अभ्यासवर्ग भरे. दोन निवृत्त शिक्षक, एक पोस्टमन, भाताच्या गिरणीचे मालक आणि चहाच्या आशेने मी. सुरुवातीला सगळ्या धर्मांच्या प्रार्थना होत. आक्का त्या सगळ्या एकाच चालीत म्हणत आणि ती चाल गणपतीच्या आरतीची होती. पारशांची प्रार्थनाही त्या चालीत गोड वाटे, हे मला कबूल केलंच पाहिजे. त्याआधी त्या पदराने खुर्ची पुसत. आधी पाठ, मग हात, मग बैठक, लहान मुलाचं अंग पुसावं तशी. कातकरीवाडीतली सोमी रानभाज्यांची टोपली उतरवून उंबऱ्यावर बसे आणि वर्ग संपेपर्यंत हलत नसे. आक्का म्हणत, “आत ये गो.” सोमी म्हणे, “नाय गो बाय, हितंच बरी हाय मी.” दोघींचं हे बोलणं दर रविवारी होई आणि सोमी उंबऱ्यावरच राही.

आक्कांचं पालुपद एकच, “तो आला तर?” दारातल्या चपला वाकड्या पडल्या, तो आला तर? मोरीत भांडं तसंच राहिलं, तो आला तर? मी खूप चेष्टा करायची. “आक्का, हिमालयातून आलेला माणूस तुमची मोरी कशाला बघेल?” त्या शांतपणे म्हणत, “न बघितली तर बरंच. पण बघितली तर?” हसता हसता ते माझ्या अंगात कधी मुरलं, कळलं नाही. लॅबमध्ये दुसऱ्या शिफ्टला कोणी बघत नसताना मी काचेची भांडी दुसऱ्यांदा धुवायला लागले. कोणासाठी धुतेय, विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

या खुर्चीपायी एकदा घरात चांगलंच वाजलं. लेकीचं लग्न झाल्यावर जावई पहिल्यांदा आला आणि बिचारा सरळ खुर्चीत बसला. आक्का स्वयंपाकघरातून पोळीचं लाटणं हातात घेऊन धावत आल्या. लाटणं त्या विसरल्या होत्या, पण जावयाला ते माहीत नव्हतं. तो ताडकन उठला आणि जेवणाच्या वेळीही धड बोलला नाही. लेक निघताना म्हणाली, “आई, जो येणार नाही त्याच्यासाठी तू आलेल्याला उठवलंस.” आक्कांना ते लागलं. पण खुर्ची हलली नाही.

कारण ती मांडायला भाईसाहेबांनी सांगितलं होतं. भाईसाहेब म्हणजे आक्कांना या वाटेवर आणणारे पेणचे एक जुने मुख्याध्यापक. आक्का विधवा झाल्या तेव्हा पदरात लहान लेक होती. लोक सांत्वनाचं बोलून गेले, भाईसाहेबांनी मात्र पुस्तक हातात देऊन वाचायला बसवलं. तरुणपणी त्यांना धरमतरच्या खाडीवर, पहाटेच्या धुक्यात, पांढऱ्या वस्त्रांतले महात्मा भेटले होते. काही बोलले नाहीत, नुसते बघून पुढे गेले. ही हकिकत ते दर वर्षी पेणहून येऊन वर्गात सांगत आणि आक्का दर वर्षी रडत. आक्कांनी स्वतः काही पाहिलं नव्हतं. भाईसाहेबांनी पाहिलंय, एवढ्यावर त्या उभ्या होत्या.

भाईसाहेब आजारी पडले, तेव्हा मी आक्कांना एसटीने पेणला घेऊन गेले. ते अगदी वाळून गेले होते, पण शुद्धीवर होते. आक्कांचा हात धरून म्हणाले, “सुमती, धरमतरला कोणी नव्हतं. नुसतं धुकं होतं. मी तेव्हा फार एकटा होतो, कोणीतरी भेटायला हवं होतं मला. एकदा सांगितलं आणि मग मागे घेता आलं नाही.” आक्कांनी त्यांचं पांघरूण नीट केलं, पाणी पाजलं, पायांना हात लावला. परतीच्या वाटेवर रोहा येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला भीती वाटत होती की या बाईपाशी आता उरलं काय?

त्याच आठवड्यात भाईसाहेब गेले. भाईसाहेबांचं बोलणं आम्हा दोघींखेरीज कोणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “आक्का, वर्गात नका सांगू.” त्या म्हणाल्या, “खऱ्याहून मोठा धर्म नाय, असं त्यांनीच शिकवलं ना? मग?”

रविवारी त्यांनी सगळं सांगितलं. गिरणीवाले तांबडेलाल झाले. “म्हणजे भाईसाहेबांनी आयुष्यभर फसवलं आपल्याला?”

“एक गोष्ट खोटी सांगितली त्यांनी,” आक्का म्हणाल्या. “बाकीचं त्यांनी शिकवलेलं मी करून बघितलंय. ते खोटं नाय.”

गिरणीवाले उठून गेले, त्यांच्यामागे एक शिक्षक. मग आक्का गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. पदराने खुर्ची पुसली, पाठ, हात, बैठक, नेहमीसारखी. आणि दाराकडे वळून म्हणाल्या, “सोमे, वर बस.”

“नाय गो बाय, मोडंल ती!”

“मोडू दे.” आक्कांनी तिला हाताला धरून आत आणलं. सोमी खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकली. वर्ग पुढे सुरू झाला.

त्यानंतर खुर्ची सगळ्यांची झाली. दूधवाला, गॅसवाला, शिफ्ट करून आलेली मी. पण आक्कांनी प्रत्येकासाठी ती पुसली, जशी गुरुदेवांसाठी पुसत तशीच. जावई आला तेव्हा जरा जास्तच पुसली. तो हसला आणि त्याचा रुसवा तिथेच संपला. फक्त आक्का स्वतः कधी तिच्यावर बसल्या नाहीत.

गुडघे अगदीच गेले, तेव्हा लेक-जावई त्यांना ठाण्याला न्यायला आले. सामान गाडीत चढलं होतं, खोली रिकामी झाली होती, खुर्ची तेवढी जागेवर होती. आक्का भिंत धरून उभ्या होत्या. मी ओढणीने खुर्ची पुसली. पाठ, हात, बैठक. म्हटलं, “बसा.”

त्यांनी मागे वळून पाहिलं, जणू मी दुसऱ्याच कोणाला म्हणतेय. मग बसल्या. सोमी दारात उभी होती, डोळ्यांना पदर लावून. आक्का तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“अगो,” त्या मला म्हणाल्या, “हितून आधी उंबराच दिसतो की! आणि मी एवढी वर्षं दाराकडं पाठ करून बसले.”

आक्का ठाण्यालाच वारल्या. मला शेवटचं भेटता आलं नाही, ते अजून सलतं. खुर्ची त्यांनी मला दिली होती. आता ती रोह्याजवळ वरसेला माझ्या घरी आहे, दाराकडे तोंड करून. बेल वाजली की मी आधी ती पुसते आणि मग दार उघडते.