बोट धक्क्याला नव्हती

क्लाराबाई डिसोझांना केंद्रातली मुलं 'कुलुपवाली बाई' म्हणत, पण ते त्यांच्या पाठीमागे. समोर कोणाची टाप नव्हती. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, मच्छीमारांच्या मुलांना इंजिनाची होडी चालवायला शिकवणारं एक लहानसं सरकारी प्रशिक्षण केंद्र होतं. दोन वर्ग, एक गोदाम, एक धक्का आणि धक्क्याला 'जलदीप' नावाची बोट. जाळी, दोर, डिझेलची पिंपं, हातोड्यापासून बोटीपर्यंत जे जे म्हणून सरकारी, ते सगळं भांडारपाल म्हणून क्लाराबाईंच्या सहीवर होतं.

त्यांच्या आधीचे भांडारपाल निवृत्त झाले तेव्हा एक जुनं इंजिन सापडेना. तो भला माणूस पेन्शनसाठी ओरोसच्या जिल्हा कचेरीत खेटे घालून घालून वाळला. हे क्लाराबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्या गोदामाला कुलूप लावलं की ते ओढून बघत, आपल्या गावाच्या, कट्ट्याच्या गाडीसाठी स्टॉपवर जात आणि कधीकधी तिथून परत येऊन पुन्हा ओढून बघत. घरी नवरा, रॉक, काजूची बाग आणि थोडे माड सांभाळायचा. मुलगी डेलिशा मडगावला नर्स होती. आता निवृत्ती जवळ आली होती. एवढी वर्षं कधी एक दोरही कमी भरला नाही, तसंच सुखरूप बाहेर पडायचं, एवढीच बाईंची इच्छा होती.

तौक्ते वादळ आलं त्या मे महिन्यात कोरोनामुळे केंद्र बंदच होतं. पण वादळाचा इशारा लागला आणि 'मुख्यालय सोडू नये' असा आदेश आला. म्हणून केंद्रात दोघंच होती. क्लाराबाई आणि बोट चालवणारा तांडेल बाबली. बाबली रोजंदारीवर होता. त्याला कायम करायची फाईल कितीतरी वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. त्याने आदल्या दिवशीच बोट दुहेरी दोरांनी बांधून ठेवली होती, बाजूला जुने टायर अडकवले होते. म्हणजे बोटीची काळजी घेतली नाही, असं कोणी म्हणू शकलं नसतं.

सकाळीच वारा असा सुटला की वर्गाची कौलं पत्त्यांसारखी उडू लागली. क्लाराबाई गोदामाच्या दारात उभ्या होत्या. समोर खाडीच्या तोंडाशी नांगरून ठेवलेला मासेमारीचा एक ट्रॉलर त्यांना दिसत होता. तो हळूहळू जागा सोडतोय असं वाटलं. मग वाटणं संपलं. नांगर घसरत होता आणि ट्रॉलर खडपाच्या, किनाऱ्याजवळच्या कातळाच्या दिशेने ओढला जात होता. वर राखणीला ठेवलेले खलाशी होते. एक जण अंगातला शर्ट काढून हलवत होता.

बाबली धावत आला.

"बाई, चावी देवा."

"खंयची चावी?"

"बोटीची. थंय तीन माणसां आसत."

"बाबली, येडो झालंस काय? लाल बावटो लागलो आसा."

"बावटो माका दिसता, बाई. माणसांय दिसतत."

क्लाराबाईंनी ओरोसच्या विराज सामंत साहेबांना फोन लावला. ते केंद्राचे अधिकारी. फोन मुका. पुन्हा लावला, पुन्हा मुका. धक्क्यावर वाडीतली माणसं जमली होती, पण त्यांच्या स्वतःच्या होड्या आदल्या दिवशीच वर वाळूत ओढलेल्या. पाण्यात होती ती फक्त 'जलदीप'. बाईंनी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढला. घाईत नेमकी चावी काढायला जमेना म्हणून त्यांनी अख्खा जुडगाच बाबलीच्या हातात दिला. जा असं त्या म्हणाल्या नाहीत, जाऊ नको असंही म्हणाल्या नाहीत. वाडीतला गणपत नावाचा मच्छीमार बाबलीबरोबर बोटीत उडी मारून चढला.

पुढचं सगळं त्यांनी धक्क्यावरून पाहिलं. लाट आली की बोट नाहीशी होई. बाई 'नमान मारिये' ही प्रार्थना म्हणायला लागत आणि अर्ध्यावर विसरून पुन्हा सुरुवातीपासून धरत. एकदा बोट वर आली तेव्हा तिच्यात दोनाऐवजी पाच माणसं दिसली. वाडीतल्या बायका ओरडल्या. पण परतताना खाडीच्या तोंडाशी लाटेने बोट उचलली आणि खडपावर आदळली. एकदा, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा लाकूड फुटल्याचा आवाज वाऱ्यातूनही ऐकू आला. माणसांनी साखळी करून, दोर टाकून पाचही जणांना बाहेर ओढलं. बाबली सगळ्यांत शेवटी आला. त्याचा उजवा खांदा विचित्र खाली आला होता. 'जलदीप'च्या फळ्या संध्याकाळपर्यंत किनाऱ्याला लागत राहिल्या.

वादळ गेलं, वीज नाही, रस्त्यात झाडं पडलेली, आणि तरी सरकारी आदेश वाट काढत पोचला: सर्व कार्यालयांनी मालमत्तेच्या नुकसानीचा अहवाल तातडीने पाठवावा. पोलिसांत खबर, तलाठ्याचा पंचनामा, फोटो, मग विम्याचा दावा. बोटीचा विमा सरकारच्याच विमा खात्याकडे होता. विराज साहेब स्वतः मोटारसायकलवर, पडलेल्या माडांना वळसे घालत आले. तरुण माणूस, कामाला चोख, मनाने चांगला. त्यांनी फुटलेल्या फळ्या पाहिल्या, सगळी हकीकत ऐकली आणि डोक्याला हात लावला.

"मॅडम, हे असं लिहिलंत तर दावा पहिल्याच टेबलावर पडेल. इशारा लागलेला असताना बोट बाहेर नेली, तर विमा लागू होत नाही. तशी अटच आहे. मग खातं विचारणार, कोणाच्या परवानगीने नेली? मग वसुली. तुमच्या पेन्शनीतून."

"मग काय लिहू, सर?"

"धक्क्याला बांधलेली असताना वादळात फुटली. सगळ्या किनाऱ्यावर तशाच फुटल्यात. कोण विचारतंय? आणि बाबलीचाही विचार करा. त्याची फाईल आता कुठे वरच्या टेबलावर गेलीय. विनापरवाना बोट नेली असं कागदावर आलं तर कायम करणं राहू द्या, उद्यापासून घरी बसवतील."

क्लाराबाईंनी ते घरी रॉकला सांगितलं. त्याने काजूच्या पडलेल्या फांद्या तोडता तोडता कोयता खाली ठेवला.

"साहेब सांगता ता बरोबर आसा गो. तुज्या एका वाक्यान कोणाचा वायट जाणा नाय. बोट तर फुटलीच."

ते खरंच होतं. बाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी मनाशी ठरवूनच टाकलं: साहेब म्हणतात तसं लिहायचं. बाबलीसाठी तरी. फक्त त्याच्या कानावर घालावं, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी दोघांचं बोलणं जुळेल. म्हणून त्या त्याच्या घरी गेल्या.

बाबली पडवीत बसला होता. खांद्याला बायकोच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली. त्याने ऐकून लगेच मान हलवली.

"तसांच लिवा, बाई. मीया कालच साहेबांक सांगलंय. बोट धक्क्याक होती. मी घराकडे होतंय."

"आणि ह्यो खांदो?"

"माडार्‌सून पडलंय म्हणान सांगतलंय."

आतून त्याची बायको रुक्मिणी बाहेर आली. ऐकून तिला राहवलं नाही.

"बाई, हाड मोडलासा. डॉक्टर म्हणता सळी घालूक व्हयी. कामार असताना लागला म्हणान लिवन दिलास तर सरकारी खर्चान होतला. माडार्‌सून पडलो म्हटल्यार कोण करतलो? हेका विचारलंय तर म्हणता, बाईंची पेन्शन जायत."

"तू आत जा गो," बाबली खेकसला.

क्लाराबाई पडवीच्या पायरीवर बसल्या. एवढा वेळ त्या समजत होत्या की आपण बाबलीला वाचवायला खोटं लिहितोय. आणि बाबली त्यांना वाचवायला मोडका खांदा घेऊन गप्प बसला होता. बोट धक्क्याला होती असं एकदा लिहिलं की मग बाबली समुद्रात गेलाच नव्हता. ते तीन खलाशी आपोआप बाहेर आले. गणपतने उडी मारलीच नाही. सगळ्या वाडीने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सरकारदरबारी घडलीच नाही. आणि सळी पडली नाही तर त्या हाताने बाबली पुन्हा सुकाणू धरू शकला नसता, मग कायम कोणाला करणार?

"बाबली," त्या म्हणाल्या, "तू माडार्‌सून पडाक नाय. मी तसा लिवचंय नाय."

"बाई, नको. माजी शपथ आसा."

"तुजी शपथ तुज्याकडे ठेव. आधी हात बरो कर."

अहवाल त्यांनी केंद्रात बसून लिहिला. उडालेल्या कौलांतून ऊन टेबलावर पडत होतं. वादळ, ट्रॉलर, फोन न लागणं, तीन माणसं, खडप, सगळं जसं घडलं तसं लिहिलं. फक्त एका ठिकाणी त्या थांबल्या. मग लिहिलं: 'बोट बाहेर काढण्याची सूचना मी स्वतः तांडेलास दिली. त्याने माझ्या आदेशाचे पालन केले.' त्यांनी सूचना दिली नव्हती. अहवालात खोटं असं तेवढंच एक वाक्य होतं. मग खाली त्यांनी सही केली.

विराज साहेबांनी तो वाचला आणि खुर्चीत मागे टेकले.

"मॅडम, मी तुम्हाला वाचवायचा प्रयत्न करत होतो."

"ठाऊक आहे, सर. तुमच्यावर राग नाही. पण बाबलीला दवाखान्यात पाठवायचंय. तो कामावर होता असं पत्र आजच द्या."

साहेबांनी पत्र दिलं. बाबलीच्या खांद्यात सळी पडली.

पाऊस ओसरल्यावर विमा खात्याकडून चौकशीला नीरजा पटवर्धन नावाच्या अधिकारी आल्या. चष्मा, सुती साडी, बोलणं थोडकं. त्यांनी खडप पाहिलं, वाडीतल्या माणसांना विचारलं, क्लाराबाईंचा जबाब घेतला आणि मग बाबलीला बोलावलं. क्लाराबाई शेजारच्या खोलीत होत्या. भिंत अर्धीच होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"भांडारपालांनी तुम्हाला बोट न्यायला सांगितलं?"

बाबलीने कचेरीसाठी राखून ठेवलेली आपली मराठी काढली. "नाही मॅडम. बाई काय बोलल्या नाहीत. मी चावी हिसकावून घेतली. चूक माझी हाय."

क्लाराबाईंनी कपाळाला हात लावला. पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं. मग नीरजाबाईंचा आवाज आला.

"डिसोझा मॅडम, तुम्हाला ऐकू येतंय ना? इकडे या."

त्या गेल्या. नीरजाबाईंनी दोघांकडे पाहिलं.

"या म्हणतात मी आदेश दिला. हे म्हणतात मी हिसकावून घेतली. मी इतकी वर्षं चौकशा करते. प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो. इथे उलटंच आहे. आता खरं काय झालं ते एकदा दोघांनी मिळून सांगा."

मग क्लाराबाईंनी सांगितलं. जुडगा कसा दिला, तोंडातून शब्द कसा फुटला नाही. बाबली मान खाली घालून उभा होता. नीरजाबाईंनी ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, दोघांच्या सह्या घेतल्या. निघताना पायरीवर थांबून म्हणाल्या, "तुम्हाला खोटी आशा नाही दाखवणार. दावा बहुतेक नामंजूर होईल. अटीत माणसं वाचवण्याला सवलत नाही. पण बोट निष्काळजीपणाने गेली नाही, एवढं मी स्पष्ट लिहीन."

तसंच झालं. दावा नामंजूर झाला. खात्याची चौकशी पुढे रखडली. क्लाराबाई निवृत्त झाल्या तरी संपली नव्हती, आणि पेन्शन तेवढे महिने अडकली. रॉक त्या दिवसांत एकदाही 'मी सांगलेलंय' म्हणाला नाही, हे बाईंना त्याचं सगळ्यांत मोठं देणं वाटे. कट्ट्याच्या बाजारात कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "चौकशी चलता. चलांदे." डेलिशा मडगावहून फोनवर चिडायची, सरकारला शिव्या घालायची. बाई तिला जेवलीस का विचारायच्या.

शेवटी निकाल आला. नीरजाबाईंच्या अहवालाचा आधार घेऊन वसुली करू नये असं ठरलं होतं. मात्र 'वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीशिवाय शासकीय नौकेचा वापर होऊ दिल्याबद्दल' क्लाराबाईंना लेखी समज देण्यात आली होती. बाबली कायम झाला नाही. फाईल तिथेच राहिली. पण त्याला कामावरून काढलंही नाही. त्याचा हात खांद्याच्या वर जात नाही, सुकाणूला पुरतो.

समजपत्र घ्यायला क्लाराबाई ओरोसला गेल्या. विराज साहेब उठून उभे राहिले. पत्र बाईंच्या हातात द्यायला त्यांना जड जात होतं. क्लाराबाईंनी चष्मा लावून ते नीट वाचलं, पोच म्हणून सही केली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

"सर, नव्या बोटीची मागणी गेली का?"

"गेलीय. या वर्षी येईल बहुतेक."

"मग तिच्याबरोबर बिनतारी यंत्र मागा. फोन मेला तरी तुमच्याशी बोलता यायला हवं," त्या म्हणाल्या. "आणि बाबलीला विचारून घ्या, सुकाणू त्याच्या डाव्या हाताला सोयीचं पडेल असं बसवता येईल का ते."

साहेबांनी लगेच कागद पुढे ओढला आणि दोन्ही गोष्टी टिपून घेतल्या. बाहेर कट्ट्यावरून जाणारी मालवणची गाडी लागली होती. बाई खिडकीजवळची जागा पकडायला लगबगीने निघाल्या.