फक्त नात्यातली माणसं

आधीच माफी मागून ठेवतो. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे बोलताना व्याकरण कुठं घसरलं तर तुम्हीच मनात नीट करून घ्या. भारी शब्दही मला येत नाहीत. आणि या किश्शात माझी एवढी शोभा झालीय, की भारी शब्द असते तरी त्यांच्या आड मी मावलो नसतो! चहा घेताय ना? घ्या. गरम आहे तोवर ऐका.

मी किसन. राहतो सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर, कामाला जव्हारच्या एका हार्डवेअरच्या दुकानात. मी फार लाजतो. गिऱ्हाइकानं नळाची तोटी मागितली तर तोटी देतो, पण "आणखी काही?" एवढं विचारायचं राहूनच जातं.

तर झालं असं, की माझी बायको सविता गरोदर. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. माहेर पोशेऱ्याला. आणि मी आयुष्यात एकदाच छाती काढून बोललो, "तुला भरलेल्या जीपमध्ये कोंबून नाही नेणार. आपल्या गाडीतून नेणार!"

सविता म्हणाली, "आपली गाडी? कुठाय?"

"घेऊ की!"

झालं! बोलून बसलो.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. त्यांची स्वतःची जुनी जीप आहे. ते म्हणाले, "हे बघा जावईबापू, डोंगरात जीपच पाहिजे. आणि गाडी कुठलीही घ्या, पूर्ण विमा पाहिजे. माझी जीप घाटात कलंडली तेव्हा विमा नव्हता. काय भोगलं ते माझं मला माहीत. विमा दाखवा, तरच माझी मुलगी तुमच्या गाडीत बसेल. नाहीतर मी जीप घेऊन येतो न्यायला."

त्यांची जीप! त्या जीपमध्ये बसलं की वरचे दात खालच्या दातांशी भांडायला लागतात. आठवा महिना लागलेल्या बाईनं त्यात बसायचं?

जीपचं मी ऐकलं नाही, पण विम्याचं डोक्यात पक्कं बसलं. दुकानाचे शेठ म्हणाले, "किसन, छोटी गाडी बघ. छोट्या गाडीचा विमा कमी."

छोटी म्हणजे किती छोटी? विचारायला लाजलो. दुकानातली मोजायची टेप खिशात टाकली आणि जुन्या गाड्या विकणाऱ्याकडं गेलो. एक गाडी मोजली. दुसरी मोजली. तिसरीच्या खाली वाकलो, तेवढ्यात मालक आला.

"काय रे, झगा शिवायचाय का तिला?"

"नाही, विमा कमी पाहिजे. म्हणून लांबी बघतोय."

तो असा हसला, की बाजूच्या वडेवाल्यानं झारा खाली ठेवला. "अरे बाबा, विमा लांबीवर नसतो! इंजिन केवढं, गाडी किती जुनी, तिची किंमत काय, यावर असतो!"

मग त्यानंच कोपऱ्यातली लाल गाडी दाखवली. सगळ्यात लहान इंजिन, सगळ्यात कमी विमा. आत बसलो तर गुडघे हनुवटीला टेकले. पण विमा कमी! घेतली. मामांनी बघितली आणि एवढंच विचारलं, "ही मोठी कधी होणार?"

सक्तीचा विमा लगेच झाला. पूर्ण विम्यासाठी मात्र विमावाले साहेब स्वतः येऊन गाडी बघणार, फोटो काढणार. साहेबांशी बोलणं सगळं फोनवरच. तोंड बघितलेलं नाही. ते म्हणाले, "शनिवारी माझं तिकडंच काम आहे. संध्याकाळी तुमच्या पाड्यावर येतो. फोटो काढले की विमा चालू. एक लक्षात ठेवा. घरगुती वापराची गाडी आहे म्हणून विमा स्वस्त आहे. भाड्यानं माणसं भरायची नाहीत."

"हो साहेब."

मला समजलं होतं. अगदी बरोबर समजलं होतं! पण शेजारी भगवान उभा होता. भगवान म्हणजे दुकानातला माझा जोडीदार. त्याला जगातलं सगळं कळतं.

"भाड्याचं सोड," तो म्हणाला. "बाहेरचं माणूस फुकट जरी बसलं ना, तरी विमा बाद! फक्त नात्यातली माणसं. कुणी विचारलं तर नातं सांगता आलं पाहिजे."

साहेबांना परत फोन लावून विचारायचं? एवढ्याशा गोष्टीसाठी? लाजलो. सगळं फसलं ते इथंच.

रविवारी सविताला न्यायचं ठरलं होतं. शनिवारी दुपारी मी जव्हारहून गाडी घेऊन निघालो. आता आमच्याकडं कसंय, रस्त्याला माणूस उभं असलं आणि गाडीत जागा असली तर गाडी थांबते. न थांबणाऱ्या माणसाचं नाव पाड्यापाड्यावर पोचतं. मोखाडं मागं पडलं आणि डोक्यावर टोपली घेतलेल्या एका आजीनं हात केला. ब्रेक माझ्या आधी माझ्या पायानंच दाबला.

"मी येऊ का रं बाबा?"

"आजी, तुम्ही माझ्या कोण लागता?"

"म्हंजे?"

"नातं असलं तरच बसवता येतं. विम्याचा नियम आहे."

आजीनं माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, वर उन्हाकडं बघितलं. "तुझ्या आजाची मी चुलत बहीण."

"माझ्या आजाचं नाव काय?"

"गेलेल्या माणसाचं नाव मी घेत नाय," असं म्हणून आजी दार उघडून बसलीसुद्धा!

माझा आजा तेव्हा घरी अंगणात बिडी ओढत बसला होता. पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

पुढं एक बाई. आश्रमशाळेत स्वयंपाक करणारी. "मी तुझी मावशी," ती म्हणाली. "शाळेत जाऊन विचार, चारशे पोरं मला मावशीच म्हणतात." बसली. मग ठाण्याहून कामावरून सुट्टीला आलेला एक पोरगा. "भाई, मी तुझा साडू!"

"माझ्या बायकोला बहीण नाही."

"होईल ना! सासरा तब्येतीनं बरा आहे ना?"

तोही बसला. मावशीनं कनवटीचे पैसे काढले आणि मी केवढ्यांदा ओरडलो, "पैसे आत ठेवा! पैसे दिले की नातं संपलं!"

आमच्या फाट्यावर आलो. तिथं पँट-शर्टातला एक माणूस, खांद्याला बॅग, हातात हेल्मेट. बाजूला मोटरसायकल, मागचं चाक बसलेलं. माझ्या शेजारची पुढची सीट मोकळी होती. थांबलो.

"सूर्यमाळपर्यंत सोडता का हो? पंक्चर झालंय. फोनला रेंजही नाही."

"आपलं नातं काय?"

"तुमचं-माझं? काहीच नाही."

बिचारा खरं बोलला! मागं बसलेल्या माझ्या तिन्ही नातेवाइकांना त्याची दया आली. साडू कुजबुजला, "अरे भाऊ, कुछ तो बोल!" आजी म्हणाली, "मामा हाय म्हण की रं!"

"मामा कसा? मी यांना ओळखतही नाही," तो म्हणाला.

मी हात जोडले. "माफ करा. विम्याचं प्रकरण आहे." आणि निघालो. आरशात दिसला. हेल्मेट हातात, तोंड उघडं.

सगळ्यांना आपापल्या ठिकाणी उतरवलं, घरी आलो, गाडी पुसली आणि साहेबांची वाट बघत बसलो. ऊन उतरलं तरी साहेब नाहीत. सविताची पिशवी दारात भरून ठेवलेली. ती सारखी रस्त्याकडं बघत होती.

आणि खडखडखड करत आली ती मामांची जीप! विमा झाला का ते बघायला आलेले मामा उतरले. दुसऱ्या बाजूनं लाल धुळीनं माखलेला एक माणूस उतरला. हातात हेल्मेट.

"जावईबापू, हे तुमचे विमावाले साहेब," मामा म्हणाले. "फाट्यावर उन्हात उभे होते. कोण लाल गाडीवाला म्हणे यांचं नातं विचारून निघून गेला! असली माणसं असतात बघा!"

साहेबांनी अंगणातली लाल गाडी बघितली. मग मला बघितलं. मामांनी गाडी बघितली. मग मला बघितलं. आजानं बिडी विझवली.

संपलं, मी मनात म्हटलं. फोटो नाही, विमा नाही, आणि उद्या सविता त्या खडखड्यात.

"हा नियम तुम्हाला सांगितला कुणी?" साहेबांनी विचारलं.

"भगवाननं."

"कुठल्या?"

"हार्डवेअरमधल्या."

साहेब ओट्यावर बसले. मला वाटलं चक्कर आली. पण ते हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अहो, भाडं घ्यायचं नाही, एवढंच! वाटेत फुकट कुणालाही बसवा. मलासुद्धा बसवता आलं असतं!"

उरलेल्या उजेडात त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले, मागच्या टेकडीवर रेंज येते तिथं चढून पाठवले आणि खाली येऊन म्हणाले, "झाला विमा." मामांनी फोन हातात घेऊन तो दोनदा बघितला. "बसू दे मग पोरीला," म्हणाले. खरं सांगतो, सिमेंटची गोण पाठीवरून उतरवल्यावर कसं वाटतं, तसं वाटलं! सविता आत जाऊन डोळे पुसून आली.

साहेब रात्री आमच्याकडंच राहिले. जेवताना आईनं आपलं नेहमीचं सुरू केलं. गाव कुठलं? आईचं माहेर कुठलं? कुणाची मुलगी? दोन भाकरी झाल्या आणि तिसरीचं पीठ आईच्या हातातच राहिलं.

"अरे किसन! हा तर माझ्या चुलत बहिणीचा मुलगा! तुझा मावसभाऊ लागतो हा!"

टोपलीवाल्या आजीचं माझ्याकडून ऐकलेला आजा तेवढ्यात कोपऱ्यातून म्हणाला, "आणि मला बहीण नाय. चुलतपण नाय."

म्हणजे बघा! बिननात्याची तीन माणसं मी नातं लावून घरपोच केली, आणि नात्यातला एकच सापडला, त्याला उन्हात सोडून आलो!

दुसऱ्या दिवशी सकाळी सविताला पुढच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली. मागं मावसभाऊ. फाट्यावर त्याच्या मोटरसायकलचं चाक काढून त्याच्या मांडीवर दिलं आणि गाडी सुरू करणार, तोच एक हात वर झाला. कालचीच आजी! आज टोपली रिकामी.

मी उतरलो आणि मागचं दार उघडून धरलं. आजीनं एक पाय आत ठेवला, थांबली, आणि अगदी गंभीरपणे मला विचारलं, "बाबा, आज मी तुझी कोण लागू?"