मोहनदादाची काच

मोहनदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरगावातल्या एका वाडीत जुन्या लाकडी जिन्याचे फोटो काढत होते. फोन सुलूवहिनीचा. कामाच्या वेळेत ती कधी फोन करत नाही, म्हणून लगेच उचलला, तर अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाय, हे गेले गो. जेवून खुर्चीत बसले होते." मी काय बोलले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी तिथेच पायरीवर बसले, कॅमेरा मांडीवर घेतला आणि लेन्सवर काच आहे की नाही ते आधी पाहिलं. होती. मग रडू आलं. आज त्याला जाऊन पाच आठवडे झाले, आणि कॅमेऱ्याला हात लावला की अजून माझं हेच होतं.

काच म्हणजे यूव्ही फिल्टर. लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची गोल, पारदर्शक काच. रोलच्या काळात ती फोटोतला धुरकटपणा कमी करायची, डिजिटल कॅमेऱ्यांना त्यासाठी तिची गरज उरली नाही. दादाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. लेन्सला धूळ लागू नये, गुलाल लागू नये, कोणाचं कोपर लागू नये, एवढ्यासाठी त्याला ती हवी. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत निळा पडदा लावून त्याचा स्टुडिओ. लग्नं, बारशी, साखरपुडे, पासपोर्टचे फोटो. मी परळची, विशीतली, कॉलेज अर्धवट सोडलेली, दिवा धरायला म्हणून त्याच्याकडे लागले आणि दहा वर्षं राहिले. घरातून निघताना तो दारात उभा राहून फिल्टरवर तोंडाची वाफ सोडायचा, वहिनीच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसायचा, आणि मला विचारायचा, "बाय, काच लावलीस?" नमस्कार-चमत्कार नंतर, आधी काच. मी चिडायचे. मी पहिल्यापासूनच तापट, आणि त्यात मला फोटोग्राफीची दोन पुस्तकं वाचल्याची मस्ती चढलेली.

आमचं भांडण एकच, पण ते वर्षानुवर्षं चाललं. माझं म्हणणं, लेन्सपुढे जादा काच आली की दिव्यांची भलतीच प्रतिबिंबं फोटोत उमटतात. ते खरंही होतं. मांडवात बल्बच्या माळा असल्या की नवरीच्या गालावर हमखास एक हिरवट ठिपका यायचा, आणि तो पुसत बसायचं काम माझ्याकडे. मी त्या फिल्टरला 'तुझी खिडकी' म्हणायचे. खिडकी लावून कोणी जग बघतं का रे, असं त्याला चारचौघांत विचारायचे. तो हसायचा. म्हणायचा, "फुटली तर ती फुटेल. त्यासाठीच ती पुढे उभी आहे." पुढे मी स्वतःची कामं घ्यायला लागले, मासिकांसाठी फोटो काढायला लागले, तरी सणासुदीला दादाच्या मदतीला जायचेच. आणि भांडणही सोबत न्यायचे.

आता ते सांगते, जे सांगण्यासाठी हे लिहायला बसले आहे.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. दादरच्या एका गल्लीत दहीहंडी होती आणि मंडळाने दादाला बोलावलं होतं. दादाची पद्धत अशी, की तो हंडीखाली, थरांना अगदी लागून उभा राहायचा. अंगात रेनकोट, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी, लेन्स सरळ आभाळाकडे. संध्याकाळ झाली होती, हॅलोजन लागले होते, आणि मला माहीत होतं की आज फोटोत ठिपकेच ठिपके येणार. दादा वडापाव खायला गेला तेव्हा कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मी फिल्टर काढला आणि जीन्सच्या खिशात टाकला. ठरवलं होतं, हंडी फुटल्यावर त्याला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवायचे आणि म्हणायचं, बघ, तुझ्या खिडकीशिवाय कसे आलेत. एवढंच. वाद जिंकायचा होता.

तो आला तोवर पथक वर चढायला लागलं होतं. त्याने घाईघाईत कॅमेरा घेतला आणि खाली जाऊन उभा राहिला. सहावा थर, सातवा... हंडी फुटली, दही, पाणी, फुलं, आणि खापराचा एक तुकडा सरळ लेन्सवर. गर्दीतून बाहेर येऊन त्याने लेन्स पुसली, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. ओरखडा बोटाला लागत होता. फिल्टर नव्हता. लेन्सकडे बघत तो म्हणाला, "सकाळी लावल्यासारखी आठवते गो... विसरलो वाटतं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. काच खिशात होती, मांडीला टोचत होती. पण तो स्वतःलाच दोष देतोय हे ऐकून मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

घरी जाऊन त्याने काच शोधली. बॅगेत, कपाटात, देवांच्या फळीवर, तांदळाच्या डब्यामागे. वहिनीने चार दिवस घर उपसलं. मिळणार कुठून? मग त्याला वाटायला लागलं की आपण नुसती काच लावायचीच विसरलो नाही, तर ती ठेवली कुठे हेही विसरलो. आणि इथे मला त्याच्या वडिलांबद्दल सांगायलाच हवं. ते गिरणीत होते. म्हातारपणी त्यांची आठवण गेली. मुलाला ओळखेनात, एकदा घरातून निघून गेले ते संध्याकाळी शीवच्या किल्ल्यापाशी सापडले, पायात एकच चप्पल. शेवटची सहा वर्षं दादाने त्यांचं सगळं केलं. आपलंही असंच होणार ही धास्ती त्याच्या मनात होतीच. मी त्या धास्तीला पुरावा दिला.

त्यानंतर तो सगळंच तीनतीनदा तपासायला लागला. बॅटरी, कार्ड, पत्ता. पुढच्या वर्षी हंडी सोडली. मग लग्नं घेईनासा झाला. मी विचारलं तर म्हणाला, अंतरपाट एकदाच दूर होतो, तेव्हा मी काहीतरी विसरलो तर त्या पोरांनी काय पुन्हा लग्न करायचं? मुहूर्तापेक्षा आधी हॉलवर पोचणारा माणूस हा! शेवटची दोन वर्षं तो फक्त पासपोर्टचे फोटो काढायचा, निळ्या पडद्यापुढे, त्याच ओरखडा पडलेल्या लेन्सने. माझ्याकडे मात्र काम वाढत होतं. त्याची जुनी गिऱ्हाइकं तोच माझ्याकडे पाठवायचा. सांगायचा, ती काच कधी विसरत नाही.

एकदा मी अगदी ओठांपर्यंत आणलं होतं. दादरला एका हॉटेलात चहा घेत होतो. तो डॉक्टरकडून आला होता, मेंदूची तपासणी करून. सगळं ठीक निघालं होतं. मला एवढं बरं वाटलं की म्हटलं, आता सांगून टाकावं, दोघं हसू. तेवढ्यात तो बशीतल्या चहाकडे बघत म्हणाला, "डॉक्टरला काय कळतंय? मी काच विसरलो होतो हे त्याला कुठे माहीत आहे?" मी साखर ढवळत बसले. ती केव्हाच विरघळली होती. त्या दिवशी बोलले असते तर त्याला तीन वर्षं निर्धास्त मिळाली असती. नेमकी तीन. मी हिशेब करत नाही, तो आपोआप होतो.

तेराव्यानंतर वहिनीने बोलावलं. म्हणाली, ह्यांची बॅग तू घेऊन जा, तुलाच समजेल त्यातलं. मी बॅग उघडली. झाकणाच्या आत कागद चिकटवला होता, दादाच्या गोल अक्षरात. काच. बॅटरी. कार्ड. चार्जर. पत्ता. रुमाल. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून, पुन्हा काच. वहिनी सहज म्हणाली, शेवटपर्यंत एकच खंत होती गो ह्यांना, त्या दिवशी कसा विसरलो.

मी रुमालात बांधून आणलेली काच तिच्यापुढे ठेवली. सगळं सांगितलं. माझ्या खिशापासून दादरच्या चहापर्यंत, काही गाळलं नाही. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती भिंतीला टेकून बसून होती. म्हणाली, "खाली उतरले की हे पुन्हा वर यायचे. गुडघे धरत, तीन मजले. कुलूप ओढून बघायला. मी म्हणायची, अहो, मी लावलंय ना. तर म्हणायचे, सुलू, माझा माझ्यावर भरवसा नाही..." मग नुसतं म्हणाली, "सात वर्षं गो, बाय."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी मागितलीही नाही माफी, कोणत्या तोंडाने मागणार? ज्याची मागायची तो भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत. तो फोटोही मीच काढलेला. आणि दादा, तुला एक सांगते, तुझा तो फोटो मी काच लावूनच काढला होता. तुझ्या खांद्यापाशी दिव्याचा एक ठिपका आलाय. तो मी पुसलेला नाही.

वहिनीने काच उचलली, खिडकीच्या उजेडात धरली. मग तोंडाजवळ नेऊन वाफ सोडली आणि पदराने पुसली, थेट त्याच्यासारखी, आधी कडेने आणि मग मध्ये. माझ्या हातात देत म्हणाली, "लाव."

मी बॅगेतून दादाचा कॅमेरा काढला. दोनदा आटे चुकले, तिसऱ्यांदा बसली. काचेच्या आत ओरखडा तसाच दिसत होता. मी कॅमेरा बॅगेत ठेवला, झाकण लावलं, आणि उठायला लागले.

"परत एकदा बघ," वहिनी म्हणाली.

मी झाकण उघडून परत बघितलं.